मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त, त्याचे तीन सन्मान आणि त्यांच्या मागची माणसे

१.
एक सन्मानाची तलवार, ‘स्टार ऑफ इंडिया’चे मानचिन्ह आणि नावामागे ‘सर’ हा किताब. मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त फ्रँक हेन्री साउटर याच्या कारकिर्दीची ही जमा बाजू. १८५४ मध्ये धारवाडचा पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणून सुरू झालेली त्याची नोकरी १८८८ मध्ये मुंबईत संपली. त्यातील चोवीस वर्षे त्याने मुंबई शहराची पोलीस व्यवस्था सांभाळली. मात्र त्याच्या सन्मानांचा माग काढत गेले की मुंबईपेक्षा नरगुंद, सिन्नर आणि बडोदा ही नावेच अधिक वेळा समोर येतात. असे का, हे समजून घेण्यासाठी हा धागा.

२.
प्रथम पदके कशी वाचायची ते पाहू. लष्करी पदकाच्या कडेवर बहुधा ते मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. फितीच्या रंगांवरून मोहीम ओळखता येते आणि फितीवर बसवलेल्या धातूच्या पट्टीवर विशिष्ट लढाईचे नाव असते. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी १८५८ मध्ये जे पदक काढले, त्याची फीत पांढरी असून तिच्यावर दोन लाल पट्टे होते. त्या पदकासाठी पाचच धातूच्या पट्ट्या होत्या : दिल्ली, लखनौचा बचाव, लखनौची सुटका, लखनौ आणि मध्य भारत. नरगुंद, कोल्हापूर, नाशिक, मुंबई यांपैकी एकही नाव त्यांत नाही. पदकांवरून १८५७ चा इतिहास मांडू गेल्यास महाराष्ट्र आणि कर्नाटकातील सगळा संघर्ष नकाशावरून पुसला जातो.

३.
दुसरी गोष्ट पोलिसांची. त्या काळी पोलीस अधिकाऱ्यासाठी वेगळे शौर्यपदकच नव्हते. ‘किंग्ज पोलीस मेडल’ सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत १९०९ मध्ये सुरू झाले आणि ‘इंडियन पोलीस मेडल’ १९३२ मध्ये आले. तोपर्यंत पोलीस अधिकाऱ्याचा गौरव करायचा तर सरकारकडे मोजकेच मार्ग होते : तलवार, रोख इनाम, बढती किंवा एखादा किताब. यांपैकी काय द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कशासाठी द्यायचे, हे ठरवणारे सरकारच असे. त्यामुळे सन्मानांच्या यादीवरून त्या अधिकाऱ्याच्या कामाइतकाच सरकारच्या मनाचाही अंदाज येतो.

४.
फ्रँक साउटरच्या घराण्याला सन्मानाची एक जुनी कथा चिकटलेली होती. त्याचे वडील कॅप्टन थॉमस साउटर ४४ व्या पायदळ पलटणीत होते. १३ जानेवारी १८४२ रोजी काबूलहून माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी गंडामक येथे कापली गेली. पलटणीचे निशाण शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कॅप्टन साउटरने ते आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली अंगाभोवती गुंडाळले होते. ते झळझळीत कापड पाहून हा कोणी मोठा सरदार असावा, खंडणी मिळेल, असे अफगाणांना वाटले आणि त्यांनी त्याला जिवंत पकडले. पराभवातूनही गौरवकथा कशी घडते याचा हा नमुना. अशा बापाचा मुलगा १८५० मध्ये निजामाच्या मुलखातील एका बंदोबस्तात स्वयंसेवक म्हणून उतरला आणि चार वर्षांनी धारवाडला पोलीस सुपरिंटेंडेंट झाला.

५.
धारवाडजवळचे नरगुंद हे भावे घराण्याचे मराठी संस्थान. आज ते कर्नाटकातील गदग जिल्ह्यात येते. तेथील संस्थानिक भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला होता. त्यांना पुत्र नव्हता. दत्तक घेण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि कंपनी सरकारने ती नाकारली. औरस वारस नसलेले संस्थान खालसा करण्याचे धोरण त्या वेळी जोरात होते. सातारा याच मार्गाने गेला होता, झाशी याच मार्गाने गेली होती. पाठोपाठ शस्त्रे जमा करण्याचे हुकूम निघाले. वारस नाही, शस्त्रे नाहीत, मग संस्थान म्हणून उरते काय, हा प्रश्न नरगुंदसमोर होता.

६.
मे १८५८ च्या अखेरीस दक्षिण मराठा मुलखाचा हंगामी पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन थोड्या स्वारांसह नरगुंदच्या दिशेने निघाला. २९ मेच्या रात्री सुरेबान या गावी त्याचा मुक्काम असताना बाबासाहेबांच्या माणसांनी छापा घातला. मॅन्सन मारला गेला आणि त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगले गेले. लगेच ब्रिटिश फौज चालून आली. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत नरगुंद पडले. बाबासाहेब किल्ला सोडून निघून गेले होते. त्यांचा माग काढून त्यांना पकडण्याचे काम पोलीस सुपरिंटेंडेंट साउटरने केले. बेळगावात खटला चालला आणि १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना फाशी देण्यात आले.

७.
मॅन्सनच्या हत्येपासून फाशीपर्यंत अवघे चौदा दिवस गेले. दरम्यान बाबासाहेबांच्या आई आणि पत्नी यांनी मलप्रभा नदीत देह विसर्जित केला. संस्थान खालसा झाले. साउटरला मिळालेली सन्मानाची तलवार ही या अटकेची पावती होती. दत्तकाचा फेटाळलेला अर्ज, हत्यारबंदीचा हुकूम आणि नदीत गेलेल्या दोन स्त्रिया या तलवारीच्या कथेत येत नाहीत. मॅन्सनचा खून झाला हे खरे आहे, आणि खुन्याला पकडणे हे पोलिसाचे काम आहे हेही खरे. पण एखाद्या सामान्य खुनाच्या तपासाबद्दल सरकार सन्मानाची तलवार देत नसते. येथे एक राजा पकडला गेला होता, म्हणून ती दिली गेली.

८.
आता नाशिककडे. सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे गावचे भागोजी नाईक हे भिल्ल पुढारी. त्यांच्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : ते पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलातील अंमलदार होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. सुटकेनंतर वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी जामीन देण्याचा हुकूम झाला. ते वर्ष संपते न संपते तोच सरसकट हत्यारबंदीचा हुकूम निघाला आणि भागोजींनी गाव सोडले. सुमारे पन्नास माणसे घेऊन ते पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या डोंगरात उतरले. नरगुंदप्रमाणे येथेही ठिणगी पडली ती हत्यारबंदीनेच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

९.
४ ऑक्टोबर १८५७ रोजी अहमदनगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री भागोजींवर चालून गेला. नांदूर शिंगोट्याच्या परिसरात चकमक झाली आणि हेन्री ठार झाला. त्याच्या जागी कॅप्टन नटॉल आला. सह्याद्रीच्या वाटा पलटणीच्या शिपायांना ठाऊक नव्हत्या; म्हणून नटॉलने त्याच डोंगरांतील महादेव कोळ्यांची भरती करून एक पथक उभे केले. डोंगरातल्या माणसांविरुद्ध डोंगरातलीच माणसे उभी करण्याची ही युक्ती यशस्वी ठरली. समशेरपूरला मोठी लढाई झाली. भागोजी निसटले. १८५९ च्या पावसाळ्याच्या सुमारास संगमनेर भागातील एका चकमकीत त्यांचा मुलगा यशवंत मारला गेला, तरी ते लढत राहिले.

१०.
११ नोव्हेंबर १८५९ रोजी साउटरने सिन्नरच्या मिठसागरे-पंचाळे परिसरात भागोजींच्या तळावर अचानक हल्ला केला. हातघाईची लढाई होऊन भागोजी आणि त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले. दोन वर्षे चाललेला उठाव संपला. या लढाईत समोरासमोर आलेल्या दोन म्होरक्यांपैकी एक पोलीस होता आणि दुसरा माजी पोलीस. एकाच प्रांताच्या एकाच खात्याने एकाला तलवार दिली होती आणि दुसऱ्याकडे चांगल्या वर्तनाचा जामीन मागितला होता. साउटरच्या चरित्राच्या नोंदींत ही लढाई शौर्याचा प्रसंग म्हणून येते. भागोजींची पोलिसातली नोकरी मात्र गॅझेटिअरच्या एका वाक्यात उरली आहे.

११.
साउटर मुंबईला येण्यापूर्वी तेथील पोलिसांची सूत्रे चार्ल्स फॉर्जेटकडे होती. दोघांची तुलना उद्बोधक आहे. फॉर्जेट युरेशियन होता, म्हणजे त्याच्या रक्तात हिंदुस्थानी अंश होता. तो येथेच वाढला, येथल्या भाषा सराईतपणे बोलत असे आणि वेषांतर करून वस्तीवस्तीत फिरत असे. गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८५५ मध्ये त्याला मुंबईत आणले. त्याच्या अनेक साहसकथा प्रसिद्ध आहेत. त्यांतील पुष्कळशा त्याच्याच ‘अवर रिअल डेंजर इन इंडिया’ या पुस्तकातून पुढे आल्या, हे ध्यानात ठेवून त्या वाचाव्यात.

१२.
१८५७ च्या ऑक्टोबरात मुंबईतील हिंदी शिपायांची गुप्त बैठक सोनापूर भागातील गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी भरत असे. फॉर्जेटने त्या घराच्या भिंतीला भोके पाडून स्वतः ती ऐकली. एवढ्यावर लष्करी अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा शिपायांच्याच एका अधिकाऱ्याला, मेजर बॅरोला, त्याने तेथे नेऊन बसवले. उठाव दिवाळीत करण्याचा बेत होता, असे सरकारचे म्हणणे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजच्या आझाद मैदानाच्या परिसरातील ही घटना आहे. रोज लाखो माणसे तेथून लोकल पकडायला जातात.

१३.
मुंबईतील ब्रिटिश सत्ता वाचवणारा माणूस म्हणून फॉर्जेटचे नाव झाले. शहरातील युरोपियन आणि हिंदी धनिकांनी वर्गणी जमवून त्याला थैली अर्पण केली. निवृत्त होऊन तो इंग्लंडला गेल्यावर कापसाच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा रक्कम धाडली. बॅक बे रिक्लमेशन कंपनीचे समभागही त्याच्या वाट्याला आले. मात्र त्याच्या नावामागे ‘सर’ कधीच लागले नाही. त्याचा गौरव प्रामुख्याने बाजारपेठेने केला, दरबाराने हात आखडता घेतला. येथल्या मातीत वाढलेला युरेशियन फॉर्जेट आणि गंडामकच्या कॅप्टनचा मुलगा साउटर यांच्या सन्मानांतील हे अंतर त्या काळच्या समाजाकडे पाहता अनपेक्षित वाटत नाही. फॉर्जेटच्या नावाचा रस्ता ताडदेवला आहे, साउटरच्या नावाचा आग्रीपाड्याला.

१४.
१८६४ मध्ये साउटरने मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त म्हणून सूत्रे घेतली, तेव्हा शहर कापसाच्या तेजीने बेभान झाले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस लागत होता. त्या वर्षीच्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबले, बाजार कोसळला, बँका बुडाल्या, माणसे गावी परतली. १८७२ च्या शिरगणतीत आकडा ६,४४,४०५ वर आला होता. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झालेल्या, नव्या गिरण्या, नव्या गोद्या आणि नव्या चाळी उभ्या राहत असलेल्या या शहराची सुव्यवस्था राखणे हे साउटरच्या कारकिर्दीतील सर्वांत दीर्घ काम होते. तलवार मिळावी असे त्यात काही नव्हते.

१५.
शहरातील त्याची सर्वांत कठीण परीक्षा फेब्रुवारी १८७४ मध्ये झाली. रुस्तमजी होरमसजी जालभॉय यांच्या एका गुजराती पुस्तकात पैगंबरांविषयीचा मजकूर आला होता. तो वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या इंग्रजी चरित्रावर आधारलेला होता. पुस्तक मागे घेतले गेले, तरी १३ फेब्रुवारीला पारशी वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. दंगल काही दिवस धुमसत राहिली आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. पोलीस वेळेवर हलले नाहीत, अशी पारशी समाजाची तीव्र तक्रार होती आणि तिचा रोख आयुक्तावर होता. ज्या कामासाठी शहर आपल्या पोलिसांना पोसते, नेमक्या त्या कामात शहराने साउटरला दोष दिला. पुढच्याच वर्षी तो ‘सर’ झाला. मधल्या काळात बडोद्याचे प्रकरण घडले होते.

१६.
९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर याने सकाळचे सरबत थोडे घेऊन बाजूला ठेवले. त्याला अस्वस्थ वाटू लागले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आढळल्याचे सांगण्यात आले. हिऱ्याच्या भुकटीचीही चर्चा झाली. महाराज मल्हारराव गायकवाड आणि फेअर यांचे हाडवैर जगजाहीर होते, त्यामुळे संशय थेट राजवाड्यावर गेला. तपासासाठी मुंबईहून साउटरला पाचारण करण्यात आले. त्याच्यासोबत मुंबई पोलिसांतील नामांकित गुप्तहेर अकबर अली आणि अब्दुल अली हे पितापुत्र होते. एका संस्थानिकाविरुद्ध पुरावा उभा करणे हे आता पोलिसांचे काम झाले. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली.

१७.
चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात सर रिचर्ड काऊच यांच्यासह तीन ब्रिटिश सदस्य होते, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन हिंदी. मल्हाररावांच्या बाजूने लंडनचा नामवंत वकील सार्जंट बॅलंटाइन उभा राहिला. खटल्याचा कळीचा पुरावा म्हणजे रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याच्या कमरपट्ट्यात सापडलेली सोमलाची पुडी. ती शोधून काढली होती अकबर अलीने. बॅलंटाइनने नेमके यावर बोट ठेवले. रावजी माफीचा साक्षीदार झालेला, पुडी पोलिसांनीच शोधलेली, जबाब पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेले. मग पुराव्याची शुद्धता मानायची कशी? कोठडीतील जबाब आणि पोलिसांनी शोधलेली वस्तू यांविषयीचे हे आक्षेप आजच्या कोणत्याही फौजदारी वकिलाला ओळखीचे वाटतील.

१८.
निकाल दुभंगला. तिन्ही ब्रिटिश सदस्यांनी मल्हाररावांना दोषी धरले. तिन्ही हिंदी सदस्यांना विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. सरकारने यातून वेगळीच वाट काढली. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत करून मद्रासला धाडले. म्हणजे पोलिसांनी जो गुन्हा सिद्ध करण्यासाठी इतका खटाटोप केला, त्याचा आधार शेवटी घेतलाच गेला नाही. त्यानंतर दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर आला. सतरा वर्षांपूर्वी नरगुंदला जे नाकारले, ते बडोद्याला देण्यात आले. १८५७ च्या भीतीने सरकार एवढे तरी शिकले होते.

१९.
८ नोव्हेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबई बंदरात उतरला. याच दौऱ्यात त्याने साउटरला ‘सर’ केले. क्रम पाहण्यासारखा आहे : १८७४ च्या आरंभी शहराची नाराजी, १८७४-७५ मध्ये बडोद्याचा तपास, १८७५ च्या अखेरीस किताब. आयुक्तपदाच्या काळातच त्याला सी.एस.आय. म्हणजे ‘कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ हा सन्मानही मिळाला. उठाव शमल्यावर १८६१ मध्ये स्थापन झालेल्या या सन्मानश्रेणीचे १८६६ मध्ये तीन वर्ग करण्यात आले, सी.एस.आय. हा त्यांतील तिसरा. वरच्या वर्गांत संस्थानिक आणि बडे अधिकारी बसत. निष्ठा दाखवणारे राजे आणि राजांवर नजर ठेवणारे अधिकारी एकाच ताऱ्याखाली आणण्याची ही व्यवस्था होती.

२०.
हिंदी पोलिसांसाठी शिडी वेगळी होती. अकबर अली ‘खानबहादुर’ म्हणून ओळखला जाई. मुसलमान आणि पारशांना खानसाहेब, खानबहादुर. हिंदूंना रावसाहेब, रावबहादुर. बडोद्यातील पुडी अकबर अलीने शोधली, न्यायालयात बॅलंटाइनच्या शब्दांचे फटकेही त्याच्याच वाट्याला आले. ‘सर’ मात्र त्याचा साहेब झाला. या शिडीच्याही खाली साधा शिपाई होता. मुंबईच्या पोलीस दलात मोठा भरणा रत्नागिरीकडच्या मराठ्यांचा असे. दोन दंगलींच्या मधल्या असंख्य रात्री ज्यांनी गल्लीबोळांत पहारा दिला, त्यांची नावे कोणत्याही पदकाच्या कडेवर नाहीत. कोकणातल्या कित्येक घरांत ‘पणजोबा मुंबईला पोलिसात होते’ एवढेच वाक्य शिल्लक असेल.

२१.
साउटर १८८८ च्या एप्रिलअखेर निवृत्त झाला आणि त्याच वर्षी निलगिरीत वारला. त्याच्या कारकिर्दीविषयी आज जे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९२३ मधील मुंबई शहर पोलिसांच्या इतिहासातून येतो. एडवर्ड्स स्वतः १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पुस्तक मोलाचे आहे, तपशिलांनी भरलेले आहे. तरी एका आयुक्ताने पूर्वीच्या आयुक्तांविषयी लिहिलेला तो इतिहास आहे, हे वाचकाने विसरू नये. गॅझेटिअर सरकारी, पोलिसांचा इतिहास पोलिसाचा, पदक राणीच्या नावाचे. तिन्ही साधने एकाच बाजूची असताना ती एकमेकांना दुजोरा देतात यात आश्चर्य नाही. तो दुजोरा स्वतंत्र पुरावा ठरत नाही.

२२.
याच कथेचा एक धागा खारघर-पनवेलच्या वाचकांच्या अगदी जवळचा आहे. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे झाला. साउटर मुंबईचा आयुक्त असतानाच, १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील या कारकुनाने रामोशी साथीदारांसह सरकारविरुद्ध बंड पुकारले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावले. फडक्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी इनाम जाहीर केले. इनाम देण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, असा दावा त्या जाहीरनाम्यात होता. सरकारला तो बोचला नसता तरच नवल.

२३.
जुलै १८७९ मध्ये विजापूर भागातील देवर नावदगी येथे मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी फडक्यांना पकडले. पुण्यात खटला होऊन जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथून त्यांनी एकदा कोठडीचे दार निखळवून पलायनाचा प्रयत्नही केला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला. नरगुंद, सिन्नर आणि देवर नावदगी या तिन्ही ठिकाणी पद्धत तीच होती : डोंगर आणि रान माहीत असलेली स्थानिक माणसे हाताशी धरायची, अखंड पाठलाग करून थकवायचे आणि शेवटी अचानक झडप घालायची. १८५८-५९ मध्ये साउटरच्या पिढीने जे धडे गिरवले, तेच वीस वर्षांनी शिरढोणच्या माणसावर वापरले गेले.

२४.
साउटर भित्रा नव्हता आणि आळशीही नव्हता. प्रत्यक्ष हातघाईत उतरणारा तो अधिकारी होता. चोवीस वर्षे एक अवाढव्य शहर सांभाळणे हेही लहान काम नव्हे. प्रश्न त्याच्या व्यक्तिगत धैर्याचा नाही. प्रश्न असा, की त्याच्या सरकारला त्याच्या कामातील काय मोलाचे वाटले. त्याच्या नावावर जमा झालेले मोठे प्रसंग पाहिले तर एक पकडलेला राजा, एक ठार झालेला भिल्ल नाईक आणि पदच्युतीपर्यंत नेलेला एक महाराजा दिसतो. जेथे जेथे राज्य हादरेल असे सरकारला वाटले, तेथे तेथे गौरवाची नोंद झाली. चोर पकडणारा, दंगल आवरणारा पोलीस त्या नोंदींत जवळपास सापडत नाही.

२५.
म्हणून एखाद्या संग्रहालयात किंवा लिलावाच्या यादीत वसाहतकाळातील पोलीस अधिकाऱ्याची पदके दिसली, तर कडेवरचे नाव आणि वर्ष जरूर टिपून घ्यावे. मग त्याच वर्षाचे त्या भागाचे जिल्हा गॅझेटिअर उघडावे आणि त्या अधिकाऱ्यासमोर कोण उभे होते ते शोधावे. बहुतेक वेळा एखाद-दुसरे वाक्य सापडेल. भागोजी नाईकांविषयीचे वाक्य असेच सापडते : ते पूर्वी पोलिसात होते. साउटरची तलवार समजून घ्यायची असेल, तर हे वाक्यही तिच्याशेजारी ठेवावे लागेल.

(धागा समाप्त)